प्रकाशाचा खर्च : कॅमेऱ्याबाहेरच्या फ्लॅशसाठी मॉडिफायरची निवड

कॅमेऱ्याच्या माथ्यावरून उतरवून स्टँडवर किंवा सहायकाच्या हाती दिलेला फ्लॅश रेडिओ ट्रिगरने, म्हणजे कॅमेऱ्यावरून बिनतारी इशारा देणाऱ्या छोट्या यंत्राने, चालवता येऊ लागला की प्रकाशाची दिशा छायाचित्रकाराच्या ताब्यात येते. मात्र त्या प्रकाशाचा पोत, त्याची फाक आणि त्याची पोच ठरवायची असेल तर फ्लॅशपुढे काहीतरी लावावे लागते. छत्री, सॉफ्टबॉक्स, ग्रिड, स्नूट, ब्युटी डिश, अगदी साधा पांढरा पडदाही, या सर्वांना मिळून मॉडिफायर म्हणतात. खरेदीच्या वेळी त्यांची निवड बहुधा आकार पाहून, नाव ऐकून किंवा दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे ते पाहून केली जाते. वस्तुतः प्रत्येक मॉडिफायर फ्लॅशकडून काही प्रकाश काढून घेतो आणि त्या बदल्यात एखादा गुण देतो, त्यामुळे कोणता गुण हवा आहे आणि त्यासाठी किती प्रकाश खर्चण्याची ऐपत त्या जागी व त्या वेळी आहे, हा निवडीचा मूळ प्रश्न ठरतो. नागपुरात मे महिन्याची दुपार, लॉनवरच्या लग्नाची रात्र आणि महाल भागातल्या जुन्या वाड्याची खोली या तिन्ही ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे येते, आणि म्हणून एकच 'सर्वोत्तम' मॉडिफायर सुचवणारा सल्ला इथे फारसा कामाचा नसतो.

या हिशेबाचे एकक 'स्टॉप' हे आहे. एक स्टॉप वाढला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला आणि एक स्टॉप घटला म्हणजे तो निम्मा झाला. दोन घटले तर चौथा हिस्सा उरतो, तीन घटले तर आठवा. पांढऱ्या छत्रीतून आरपार नेलेल्या प्रकाशातला साधारण एक ते दीड स्टॉप खर्ची पडतो, आत आणखी एक पडदा असलेल्या दुपदरी सॉफ्टबॉक्समध्ये सुमारे दोन, आणि त्याच्या तोंडावर कापडी जाळी चढवली की जवळजवळ आणखी एक. कापड आणि बांधणी यांनुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण निवडीपुरते ते पुरेसे आहेत.

मॉडिफायरकडून सर्वांत आधी मागितला जाणारा गुण म्हणजे मऊपणा. ज्याच्या सावलीची कड एकदम न तुटता हळूहळू विरत जाते तो प्रकाश मऊ. ग्रहणाच्या आकृत्यांमध्ये प्रच्छाया आणि उपच्छाया असे जे दोन भाग दाखवतात तेच नाकाच्या सावलीतही असतात: जिथून प्रकाशाचा स्रोत मुळीच दिसत नाही तो भाग प्रच्छायेचा, आणि जिथून त्याचा काही अंश दिसतो तो उपच्छायेचा. उपच्छायेचा पट्टा जितका रुंद तितका प्रकाश मऊ, आणि हा पट्टा स्रोताची रुंदी व त्याचे अंतर या दोन्हींवर मिळून ठरतो. नाकाच्या टोकापासून सावली झेलणारा गाल सुमारे ५ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर ९० सेंटिमीटर रुंदीचा सॉफ्टबॉक्स १ मीटरवर असताना सावलीची कड साडेचार सेंटिमीटरपर्यंत पसरते, म्हणजे नाकाची वेगळी सावली अशी जाणवतच नाही. तोच सॉफ्टबॉक्स ४ मीटरवर नेला की कड सव्वा सेंटिमीटरच्याही आत येते. उघड्या फ्लॅशचे तोंड साधारण ७ सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे तो १ मीटरवर असला तरी कड जेमतेम साडेतीन मिलिमीटर पसरते.

प्रत्यक्ष आकारापेक्षा चेहऱ्यावरून दिसणारा आकार महत्त्वाचा, हे सूर्याकडे पाहून चांगले समजते. त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आहे, तरी १५ कोटी किलोमीटर अंतरामुळे तो आकाशात अवघा अर्धा अंश जागा व्यापतो आणि त्याची सावली धारदार पडते. ७ सेंटिमीटरचे फ्लॅशचे तोंड ८ मीटरवरून पाहिले तर तेही तेवढाच अर्धा अंश व्यापते. यातून दोन निष्कर्ष निघतात. मोठा सॉफ्टबॉक्स विकत घेऊन तो चार-पाच मीटर दूर उभा करणे हा पैसा आणि प्रकाश या दोहोंचा अपव्यय आहे, कारण खर्च झालेले दोन स्टॉप परत येत नाहीत आणि ज्या मऊपणासाठी ते खर्चले तो अंतराने हिरावून नेलेला असतो. दुसरे असे की उन्हात काढलेल्या छायाचित्रात उघडा फ्लॅश परका वाटत नाही. त्याची सावली सूर्याच्या सावलीच्या जातीचीच असते, आणि उघड्या फ्लॅशला कमी लेखण्याची जी रीत पडली आहे तिला निदान विदर्भाच्या उन्हात तरी आधार नाही. चेहऱ्याच्या जवळच्या छायाचित्रासाठी मॉडिफायर त्याच्या कर्णाएवढ्या अंतरापासून फार तर दुप्पट अंतरापर्यंत ठेवावा, ही खूणगाठ बांधून घेतली की मग किती मोठा मॉडिफायर हवा हे आपोआप ठरते: अर्ध्या देहाच्या छायाचित्रासाठी ८० ते ९० सेंटिमीटर, उभ्या पूर्ण आकृतीसाठी १२० ते १५० सेंटिमीटर, आणि फक्त चेहरा व खांद्यासाठी ६० सेंटिमीटरही चालतो.

जवळ आणण्याला मात्र एक अट जोडलेली आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून स्रोत जवळ असला की पुढच्या-मागच्या व्यक्तींवरच्या प्रकाशात मोठी तफावत पडते. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि मागची भिंत चेहऱ्याच्या मागे आणखी २ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या फक्त नवव्या हिश्शाइतका प्रकाश मिळतो आणि ती तीन स्टॉपहून अधिक काळवंडते; एकट्या व्यक्तीच्या छायाचित्रात हे बहुधा हवेच असते. परंतु स्टेजवर दोन रांगांत उभ्या असलेल्या वऱ्हाडाचे छायाचित्र घ्यायचे झाले, तर पुढची रांग २ मीटरवर आणि मागची २.८ मीटरवर असताना मागच्यांना जवळजवळ एक स्टॉप कमी प्रकाश मिळतो, आणि तोच फ्लॅश मागे सरकवून पुढची रांग ४ मीटरवर व मागची ४.८ मीटरवर आणली की ती तफावत अर्ध्या स्टॉपवर येते. समूहासाठी म्हणूनच १५० सेंटिमीटरची एक किंवा दोन छत्र्या कॅमेऱ्याच्या मागे, डोक्यांच्या बऱ्याच वर, दूर ठेवाव्यात. तिथे मऊपणा थोडा गेला तरी कोणाचे बिघडत नाही, पण मागच्या रांगेतला मामा अंधारात गेला तर तक्रार नक्की येते.

आता नागपूरच्या उन्हाकडे वळता येईल, कारण सगळा हिशेब इथे सर्वांत कडक होतो. शहर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचा काळ, सुरू होतो त्याच सुमारास, सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. २६ मेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस असतो आणि जुलैच्या उत्तरार्धाच्या तोंडावर तो पुन्हा येतो. या काळात दुपारी बारा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालचा भाग आणि मान ही सारी काळोखात बुडालेली असते. याउलट डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे चेहऱ्याच्या छायाचित्रासाठी मुख्य प्रकाश जितका उंच ठेवावा असे शिकवले जाते तितक्याच उंचीवर. हिवाळ्यातल्या लग्नाला जो फ्लॅश नुसती सावली उजळण्यापुरता लागतो, तोच मेमध्ये जवळजवळ मुख्य प्रकाशाचे काम करायला लागतो.

हे काम त्याला झेपते का, हे आकड्यांनीच पाहावे. आयएसओ १०० वर ठेवून स्वच्छ उन्हासाठी जुना नियम एफ १६ आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचा आहे, म्हणजे १/२०० वर एफ ११. शटरचा वेग इथे १/२०० धरला आहे, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० हीच फ्लॅशशी जुळणाऱ्या शटरची कमाल मर्यादा असते. हातात मावणाऱ्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे आयएसओ १०० ला मीटरमधील अंतर आणि एफ आकडा यांचा गुणाकार, रुंद झूमवर सुमारे ३६ असतो. ३६ ला ११ ने भागले की साधारण सव्वातीन मीटर येतात. इतक्या अंतरावरून उघडा फ्लॅश पूर्ण शक्तीवर सूर्याशी बरोबरी करू शकतो. त्यापुढे दुपदरी सॉफ्टबॉक्स लावला की दोन स्टॉप जाऊन गाइड नंबर निम्मा, १८, होतो आणि अंतर १.६ मीटरवर येते; त्यावर जाळी चढवली तर फ्लॅश सव्वा मीटरपेक्षा दूर ठेवता येत नाही. अर्ध्या देहाच्या छायाचित्रात एवढ्या जवळचा सॉफ्टबॉक्स चौकटीत डोकावतो आणि पूर्ण शक्तीवर वारंवार उडणारा फ्लॅश ४४-४५ अंशांच्या उष्म्यात थोड्याच वेळात तापून स्वतःहून मंदावतो किंवा थांबतो.

पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ २.८ वापरायचे म्हणून कित्येकजण हाय-स्पीड सिंक, म्हणजे फ्लॅशचा एकच झोत न सोडता शटर उघडे असेपर्यंत तो तुकड्यातुकड्यांनी धगधगत ठेवण्याची सोय, वापरतात. त्यात आणखी किमान दोन स्टॉप जातात, आणि सॉफ्टबॉक्ससह छोट्या फ्लॅशकडे मग जवळजवळ काही उरत नाही. लेन्सपुढे करडा एनडी फिल्टर लावल्यास शटर १/२०० वर ठेवून मोठे ॲपर्चर वापरता येते, परंतु तो फिल्टर सूर्य आणि फ्लॅश दोघांनाही सारखाच अडवतो. त्याने फ्लॅशची सूर्याच्या तुलनेतली ताकद वाढत नाही, फक्त हाय-स्पीड सिंकमधला तोटा टळतो. मेच्या दुपारी बाहेर सॉफ्टबॉक्स वापरायचाच असेल तर छोट्या फ्लॅशच्या साधारण ७५ वॉट-सेकंदांऐवजी ६०० वॉट-सेकंदांचा बॅटरीवर चालणारा फ्लॅश लागतो. हा फरक तीन स्टॉपचा आहे. तो नसेल तर सॉफ्टबॉक्स गाडीतच ठेवून सूर्याला चेहऱ्याच्या मागे घ्यावे आणि उघडा किंवा चंदेरी छत्रीतला फ्लॅश वापरावा, कारण चंदेरी छत्री पांढरीपेक्षा कमी प्रकाश खाते आणि तो अधिक नेमका पुढे फेकते.

याहून शहाणपणाचा मार्ग असा की फ्लॅशऐवजी सूर्यालाच मॉडिफायर लावावा. 'पाच-एक' रिफ्लेक्टरचे चंदेरी, सोनेरी, पांढरे व काळे कव्हर काढले की आत ताणलेले अर्धपारदर्शक पांढरे कापड उरते. ११० सेंटिमीटरचे असे कापड सहायकाने डोक्यावर आडवे धरले तर सूर्याचा एक ते दीड स्टॉप तिथेच उतरतो, खोबण्यांतला काळोख फिकट होतो आणि मग समोरून छोट्या छत्रीतला फ्लॅशही सहज पुरतो. त्यात पार्श्वभूमी मात्र चेहऱ्यापेक्षा दीड स्टॉप उजळ राहते, म्हणून मागे सेमिनरी हिल्ससारखी गर्द झाडी किंवा भिंतीची सावली निवडावी. फुटाळ्याच्या चमकणाऱ्या पाण्यापुढे हा उपाय अपुरा पडतो. कडुनिंबाची किंवा पिंपळाची सावली हाही एक तयार मॉडिफायर आहे. पानांमधून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर येणार नाहीत एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

उन्हाइतकाच दुर्लक्षित घटक वारा. मे-जूनमध्ये दुपारनंतर उठणारी वावटळ किंवा वळवाच्या पावसाआधीचा सोसाटा मॉडिफायरला शिडासारखा पकडतो. १२० सेंटिमीटर व्यासाच्या ऑक्टाबॉक्सचे, म्हणजे आठ कोनांच्या सॉफ्टबॉक्सचे, क्षेत्रफळ एक चौरस मीटरहून थोडे अधिक असते आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्याला सात-आठ किलो वजनाने आडवे ढकलावे इतका जोर लावतो. तो जोर दोन मीटर उंचीवर लागत असल्याने हलका स्टँड क्षणात आडवा होतो. छत्री उलटी होते, तिच्या काड्या वाकतात, आणि ती फ्लॅशसकट पडली तर नुकसान छत्रीपुरते राहत नाही. उघड्या मैदानात म्हणून ६० ते ९० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये, स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधावी, आणि शक्य तेथे स्टँडऐवजी माणूस उभा करावा, कारण माणूस वाऱ्याचा अंदाज घेऊन कलतो आणि पाहुण्यांच्या गर्दीत बाजूलाही होतो.

संध्याकाळी लॉनवर परिस्थिती पुरती पालटते. वर्धा रोड किंवा काटोल रोडवरच्या लग्नाच्या लॉनवर रात्री आकाश काळे, मंडप उघडा, आणि आजूबाजूचा प्रकाश रंगीत एलईडींचा. तिथे प्रकाशाची ऐपत भरपूर असते, पण तो परत फेकणारे छत नसते. फ्लॅशच्या तोंडावर बसवण्याची पांढऱ्या प्लास्टिकची टोपी खोलीत उपयोगी पडते, कारण ती प्रकाश सर्व बाजूंना विखुरते आणि पांढरे छत व भिंती तो परत आणून देतात. उघड्या लॉनवर तिचा आकार उघड्या फ्लॅशपेक्षा जेमतेम मोठा राहतो, विखुरलेला प्रकाश आकाशात जातो आणि हाती फक्त बॅटरीचा खर्च लागतो. तरीही दर लग्नात अशा टोप्या दिसतात. त्याऐवजी ११० सेंटिमीटरची पांढरी छत्री सहायकाच्या हाती देऊन ती जोडप्यापासून दीड-दोन मीटरवर धरणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते, आणि छत्रीतून मागे-बाजूला सांडणारा प्रकाश लॉनवर कशालाही आपटून परत येत नसल्याने तिचा नेहमीचा दोषही इथे उरत नाही.

प्रकाश एखाद्या पृष्ठभागावर आपटवून मोठा करण्याला बाउन्स म्हणतात, आणि ही युक्ती भारतीय चित्रपटातून थेट शिकण्यासारखी आहे: १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभे केले तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले आणि खालून दिव्यांचा प्रकाश त्यावर सोडून उघड्या अंगणात वरून झिरपणाऱ्या प्रकाशाचा आभास निर्माण केला. मराठी लग्नात असे कापड विधीनेच आणून दिलेले असते. अंतरपाट धरला जातो तेव्हा वधू आणि वर यांच्यामध्ये काही मिनिटे पांढऱ्या कापडाची भिंत उभी असते. तिच्यावर एका बाजूने, कापडाशी तिरका कोन करून, कमी शक्तीचा फ्लॅश सोडला तर त्या बाजूच्या चेहऱ्यावर अत्यंत मऊ प्रकाश परततो आणि थोडा आरपार जाऊन दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो. अंतरपाटावर कुंकवाचे स्वस्तिक असले तरी त्याने रंगात फरक पडत नाही. मंडपाच्या लाल, पिवळ्या किंवा गुलाबी झालरींवर मात्र बाउन्स करू नये. तो रंग त्वचेवर उतरतो आणि नंतर संगणकावर काढताना शालूचा रंगही बिघडतो.

उन्हाळ्यातल्या लग्नात मॉडिफायर निवडताना घाम हा घटक पुस्तकांत क्वचितच येतो, पण नागपुरात तो टाळता येत नाही. कोरडी त्वचा प्रकाश विखुरते, तर घामेजलेली त्वचा त्याचा काही भाग आरशासारखा परतवते, आणि त्या परतीच्या चकाकीत स्रोताचेच प्रतिबिंब असते. स्रोत लहान असला की कपाळावर व नाकाच्या शेंड्यावर लहान पण जळजळीत पांढरे ठिपके उमटतात. स्रोत मोठा व जवळ असला की तीच चकाकी मोठ्या भागावर पसरते आणि तिची तीव्रता उतरते. सावळ्या वर्णावर हा फरक अधिक ठळक दिसतो, कारण मूळ त्वचा गडद असल्याने चकाकीशी तिचा विरोध वाढतो. तिथे मोठा पांढरा, निस्तेज अस्तराचा मॉडिफायर हवा, आणि चंदेरी अस्तराची ब्युटी डिश, म्हणजे मध्ये झाकणी असलेली ४० ते ५५ सेंटिमीटरची पसरट ताटली, कूलरसमोर चेहरा सुकवल्याखेरीज वापरू नये. दागिने, जर आणि मुंडावळ्यांचे मोती यांनाही हाच नियम लागू पडतो, फक्त तिथे निवड उलटी करावीशी वाटू शकते: मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये जरीवर अखंड झळाळी येते, तर लहान स्रोतात ती ठिणग्यांसारखी चमचमते, आणि यांपैकी काय हवे हे छायाचित्रकाराने साडी पाहून ठरवायचे असते. विदर्भाच्या करवती काठाच्या टसरचा खरखरीत पोत दाखवायचा असेल तर मऊ समोरचा प्रकाश तो पुसून टाकतो. तिथे जाळी लावलेला अरुंद स्ट्रिप बॉक्स कापडाच्या जवळजवळ समांतर ठेवून प्रकाश घासत न्यावा.

चष्मा घातलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत मोठ्या मॉडिफायरची एक अडचण होते. काचेवर प्रतिबिंब पडण्याच्या कोनांचा टप्पा स्रोत जितका मोठा तितका विस्तारतो, म्हणून छत्री बरीच उंच किंवा बाजूला न्यावी, नाहीतर तिच्या काड्यांचे जाळे आजोबांच्या डोळ्यांवर उमटते. डोळ्यांत उमटणारा प्रकाशाचा ठिपका गोल की चौकोनी, यावर मात्र जितकी चर्चा होते तितके त्याचे महत्त्व नाही.

इतवारी आणि महाल भागातल्या जुन्या घरांत, जिथे खोल्या अरुंद, लाकडी छत बुटके व काळसर आणि भिंती हिरव्या किंवा निळ्या ऑइलपेंटच्या असतात, तिथे मऊपणापेक्षा बाजूंना सांडणारा प्रकाश रोखणे महत्त्वाचे ठरते. छत्री अशा खोलीत उघडली की प्रकाश सर्व भिंतींवर आपटतो, सावल्या भरून जातात, चित्राला खोली राहत नाही आणि सावलीच्या बाजूला भिंतीचा हिरवा रंग चढतो. इथे सॉफ्टबॉक्स छत्रीपेक्षा श्रेष्ठ आहे, विशेषतः पुढच्या पडद्याभोवती काही सेंटिमीटर कापडी ओठ असलेला, आणि त्यावर चौकोनी घरांची जाळी लावली तर प्रकाश जवळजवळ पूर्णपणे व्यक्तीवर राहतो. मोठा सॉफ्टबॉक्स मावत नसेल तर फ्लॅशच्या तोंडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घरांची ग्रिड बसवून उरलेले काम पांढऱ्या सनबोर्डने किंवा थर्माकोलच्या तुकड्याने दुसऱ्या बाजूला करावे. स्नूट, म्हणजे प्रकाश एका वर्तुळापुरता मर्यादित करणारी नळी, देवघरातील मूर्ती किंवा समई यांसारख्या एखाद्या तपशिलापुरती ठीक. चेहऱ्यावर ती नाटकी दिसते. समई किंवा पिवळ्या दिव्यांच्या खोलीत फ्लॅशवर नारिंगी जेल लावून त्याचा रंग आसपासच्या प्रकाशाशी जुळवून घ्यावा, आणि जेल मॉडिफायरच्या आत, फ्लॅशच्या तोंडापाशी असावे.

पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाचे छायाचित्र हे मॉडिफायर वापरण्याची खरी परीक्षा घेते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्या जनसमुदायात पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे सर्वत्र दिसतात, आणि पार्श्वभूमीला स्तूपाचा पांढरा घुमट असतो. सावळा चेहरा योग्य उजळवावा तर सदरा पांढराफटक होऊन त्यातले तपशील जातात, आणि सदरा वाचवावा तर चेहरा बुडतो. सॉफ्टबॉक्सचा मध्य चेहऱ्याकडे सरळ न रोखता तो चेहऱ्याच्या वर व किंचित पुढे वळवला तर त्याच्या खालच्या कडेचा क्षीण प्रकाश सदऱ्यावर पडतो आणि तुलनेने जोरदार भाग चेहऱ्यावर. याला फेदरिंग म्हणतात. उघडी छत्री या कामाला निरुपयोगी आहे, कारण तिचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो आणि तिला कड अशी नसतेच. गर्दी ओसरलेल्या जागी, छायाचित्र काढून घ्यायला राजी असलेल्या व्यक्तीसाठीच हे सारे करावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या, म्हणजे पुतळ्यांच्या, मिरवणुकीत तर स्टँडला जागाच नसते आणि माणसांच्या लोंढ्यात काठीवर धरलेला सॉफ्टबॉक्स लोकांच्या डोक्यांना धोकादायक ठरतो. तिथे फ्लॅश बंद ठेवून उपलब्ध उजेडात काम करणे उत्तम. त्याच दिवशी लाकडी बैल घेऊन नटूनथटून निघालेल्या तान्ह्या पोळ्याच्या मुलांना मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर थांबवून ६० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्समध्ये छान टिपता येते, आणि पावसाळी ढगांमुळे आकाशच एक प्रचंड सॉफ्टबॉक्स झालेले असल्याने फ्लॅशने फक्त दिशा द्यायची असते.

नव्याने खरेदी करणाऱ्याने पहिल्यांदा काळे आवरण काढता-घालता येणारी ४३ इंची पांढरी छत्री, मजबूत स्टँड आणि फ्लॅश घट्ट धरणारा एस-टाइप ब्रॅकेट घ्यावा. आवरण काढल्यावर ती आरपार छत्री होते, घातल्यावर परावर्तक, आणि या एका साधनावर लॉन व खोली दोन्ही बऱ्यापैकी निभावतात. त्यानंतर ११० सेंटिमीटरचा पाच-एक रिफ्लेक्टर, मग जाळीसह ८० ते ९० सेंटिमीटरचा घडी होणारा ऑक्टाबॉक्स, आणि अधिक शक्तीचा फ्लॅश घेतल्याखेरीज याहून मोठे काही घेऊ नये. सॉफ्टबॉक्सचे जोड बोवेन्स पद्धतीचे असावेत, म्हणजे पुढे मोठा फ्लॅश घेतला तरी तो त्यात बसतो. स्वस्त कापडांत पिवळट किंवा हिरवट छटा असते आणि ती उन्हाने व धुळीने वाढते. दोन मॉडिफायर एकाच वेळी वापरायचे असतील तर ते शक्यतो एकाच बनावटीचे असावेत, अन्यथा चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन रंग येतात. पावसाळ्यात ओले कापड घडी घालून पिशवीत कोंबू नये, कारण दोन दिवसांत त्यावर बुरशीचे ठिपके पडतात. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेल्या छत्रीचा चंदेरी थर सुटू लागतो आणि तिथेच विसरलेल्या लिथियम बॅटऱ्या फुगतात.

दुकानात मॉडिफायर पारखण्यासाठी तो पांढऱ्या भिंतीकडे दीड मीटरवरून रोखून, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर स्थिर ठेवून एक छायाचित्र घ्यावे. मध्यापासून कडेपर्यंत प्रकाश कसा उतरतो, मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग उरतो का, कडेला रंग बदलतो का, हे त्यात स्पष्ट दिसते. मधला डाग ठळक असेल तर आतला पडदा अपुरा आहे किंवा फ्लॅशचा झूम अरुंद राहिला आहे. झूम २४ वर आणूनही तो डाग टिकला तर त्या सॉफ्टबॉक्सचा आकार कागदावर कितीही मोठा असला तरी प्रकाश त्याच्या मधल्या वीतभर जागेतूनच निघत आहे, आणि तो घेऊ नये.